बारा डावांची किंमत

नत्थुजीनं पुस्तकांचा गठ्ठा तागडीच्या पारड्यात ठेवला, दुसऱ्या पारड्यात शेराची वजनं चढवली आणि हात झटकून काट्याकडे बघत उभा राहिला. काटा जरा हलला, डुलला, मग थांबला. वीस पुस्तकं, वजन सव्वादोन शेर. नत्थुजी म्हणाला, "हं." पण त्या 'हं'च्या पुढे त्याला काही सुचेना.

ओसरीवर बसलेल्या वलीला हसू आवरेना. अकोल्याला त्याचा शिळाछापखाना होता. एक दगड, दोन माणसं आणि शाईनं काळी झालेली नखं, एवढाच त्याचा पसारा. व्यापाऱ्यांच्या पावत्या आणि उर्दूतली चिठ्ठ्याचपाट्यांची कामं तो छापत असे. मराठी पुस्तक हे त्याचं पहिलंच, म्हणून बैलबंडीत घालून तीन मुक्काम करत तो ते स्वतः अमरावतीला घेऊन आला होता.

"नत्थुभाऊ, किताब हाये ते. सरकी नाई."

"मंग तिचा भाव कसा काढाचा?"

"ते लिवनाऱ्यानं पाहाचं. मी छापनारा मानूस. माहा खर्च साठ रुपये, तो तुमी देऊन मोकळे झाले."

नत्थुजीचं खरोखरच अडलं होतं. अमरावतीच्या कापूसबाजारात वीस वर्षं मापारीपणा केलेला माणूस तो. माल आला की वजन करायचं, भाव दलालांनी ठरवायचा, हे त्याला पाठ. पण ज्या मालाचं वजनही आपलं आणि भावही आपणच सांगायचा, असा माल त्याच्या हातात कधी आलाच नव्हता. पुस्तकाच्या वरच्या पानावर छापलं होतं, 'मापाचे बारा डाव. कास्तकारांच्या उपयोगाकरिता एका माहितगाराने लिहिले.' त्याखाली 'किंमत' एवढा शब्द आणि पुढे कोरी जागा. छापताना ठरलंच नाही, म्हणून वलीनं ती जागा सोडून दिली होती. बोरूनं भरून घ्या म्हणाला.

तीनशे पुस्तकं, साठ रुपये. नत्थुजीनं बोटांवर हिशेब केला. एकेक पुस्तक तीन आण्यांच्या थोडं वर पडत होतं. त्यानं बोरू शाईत बुडवला आणि तीनशे वेळा लिहिलं, '४ आणे'. लिहिताना त्याला मोठं समाधान वाटलं. चार आणे कुणाला जड होणार? त्या सालात सातासमुद्रापलीकडे कुठली तरी लढाई चालू होती, इंग्रजाला दुसरीकडून कापूस मिळत नव्हता आणि वऱ्हाडातली माणसं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवत होती.

आता हे बारा डाव म्हणजे काय, ते सांगायला हवं. दलालाचा मापारी शेतकऱ्याचा माल कमी भरवतो, त्याच्या बारा तऱ्हा. शिसं भरलेलं वजन, भिजवलेला दोर, पारड्याखाली सरकवलेला पायाचा अंगठा, अशा. पण सगळ्यांत नाजूक डाव सातवा. मापारी माप घालताना मोठ्यानं मोजतो. एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. पहिला भार उतरेपर्यंत लाभ, लाभ, लाभ. मग दोन, दोन, दोन. एकेक मणाचा एकेक भार. त्या सुराची ऐकणाऱ्याला गुंगी येते. समजा, सतरावा भार उतरला. मापाऱ्यानं शेतकऱ्याला घरचं काहीतरी विचारायचं, मायेनं विचारायचं, आणि तो उत्तर देतो तोवर अठरावा भार चढवून पुन्हा सतरा, सतराच म्हणत राहायचं. एक मण जागच्या जागी गडप! वऱ्हाडी माणसाला कुणी मायेनं विचारावं आणि त्यानं उत्तर देऊ नये, असं होतच नाही. सगळा डाव त्यावरच उभा.

या डावात नत्थुजीचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. गेल्या साली वलगावच्या खुशालरावाच्या दोन बंड्या मापाला आल्या. नत्थुजीनं त्याला पोरीच्या लग्नाचं विचारलं, मग जावयाचं विचारलं, आणि दुसऱ्या बंडीतले दोन मण खाल्ले. त्या सालच्या भावानं दोन मण म्हणजे एका बैलाची किंमत. चार दिवसांनी तो वलगावला आपल्या थोरल्या बहिणीकडे गेला. गोदाबाई एकटी बाई, नवरा जाऊन सात वर्षं झालेली, सहा एकर वावर स्वतः कसणारी. ती म्हणाली, "नत्थू, यंदा बंडी जुपाले मानूस नोता, तं माहा कापूस म्या खुशालरावासंग धाडला. घरी मोजला तवा बावीस मन. बजारात वीसच कसा भरला रे?"

 बाई, तो मीच खाल्ला, एवढं नत्थुजीला म्हणायचं होतं.  ते न म्हणताच तो घरी आला आणि लहानपणी पंतोजीकडे गिरवलेलं सगळं बाळबोध आठवून आठवून त्यानं आठ महिन्यांत पुस्तक लिहिलं.

बाजारात ते विकणं म्हणजे पोटावर धोंडा मारून घेणं. म्हणून वलगावच्या वाटेवर बंड्यांचा तळ पडे तिथं तो उन्हं कलल्यावर जाऊ लागला. सकाळी बाजारात शिरायच्या आधी शेतकऱ्यांच्या हाती पुस्तक पडावं, हा बेत. वाचता येत नाही ही अडचण नव्हती. चार बंड्यांत एखादा तरी अक्षर ओळखणारा असायचाच.

"काय हाये हे?" एका कास्तकारानं पुस्तक उलटंपालटं करून विचारलं.

"बजारात मापात कसं फसवतेत, ते लिवलं हाये. वाचलं तं बंडीमांगं चाळीस रुपये वाचतेत."

"कितीले?"

"चार आने."

"चार आन्याले कोंबडी येत नाई आता, अन् याच्यानं म्हने माहे चाळीस रुपये वाचतीन!" त्यानं शेजाऱ्याकडे बघून डोळा मिचकावला. मग नत्थुजीला न्याहाळून म्हणाला, "अन् तू तं मापारीच ना, ओमप्रकाशशेटचा? तूच फसवाचं अन् तूच पुस्तक इकाचं? लय झाक धंदा हाये गड्या तुहा!"

तळावरची माणसं पोट धरधरून हसली. आठ दिवसांत तीन पुस्तकं खपली. त्यातलं एक घेणाऱ्यानं तिथंच फडक्यात बांधून ठेवलं, ते उघडायचं नाव नाही.

मग नत्थुजीनं फुकट वाटायला सुरुवात केली. आता मात्र हात पुढे आले. एकेकानं दोन दोन मागून घेतली. नत्थुजी खूष होऊन घरी गेला. तिसऱ्या दिवशी एका बंडीवाल्यानं त्याला मोठ्या अगत्यानं तंबाखू देऊ केला. पुडी सोडली तर कागदावर 'डाव तिसरा'. नत्थुजीनं तंबाखू घेतला, मळला, तोंडात टाकला. त्याला वाईट वाटायचं होतं, पण आधी नवल वाटलं. चार आण्याला महाग आणि फुकटात पुडीला. मग या मालाची खरी किंमत आहे तरी किती? अठ्ठेचाळीस पुस्तकं वाटून झाली तेव्हा त्यानं हात आखडला.

त्या आठवड्यात तो वलगावला गेला. गोदाबाई अंगणात सरकी वाळत घालत होती. तो तिच्यापुढे बसला आणि पहिल्यापासून पुस्तक वाचू लागला. ती काम करता करता ऐकत होती. सातव्या डावाला तिचा हात थांबला.

"पुन्यांदा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. या खेपेला आवाज जरा खाली गेला.

"खुशालरावाले कोनं इचारलं होतं रे पोरीच्या लगनाचं?" गोदाबाईनं विचारलं. "आला तवा सांगून राह्यला होता. म्हने, मापाऱ्यानं लय आस्थेनं चौकशी केली."

"असंन कोनी," नत्थुजी म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली.  नत्थुजीला वाटलं, आता ही आपल्याला अंगणाबाहेर काढील, आणि बरं होईल. पण गोदाबाईनं त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं, पदरानं पुसलं, परत दिलं.

"मले पैसा अडका काई नोको. हे पोचव," ती म्हणाली. "ज्याच्या ज्याच्या वावरात कापसाची पऱ्हाटी हाये, त्याच्या त्याच्या घरी पोचलं पाह्यजे. आयकलं का?"

"हो, बाई."

"मंग जेव. भाकर झाली हाये."

तेव्हापासून नत्थुजीला झोप लागेना. पोचव म्हणणं सोपं, पण कसं? विकलं तर घेत नाहीत, वाटलं तर वाचत नाहीत. त्याची बायको मनकर्णा दोन दिवस त्याची ती घालमेल बघत होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "आवो, यंदा लोकं सस्तं काई घेऊनच नाई राह्यले. कासाराकडं गेली होती मी. बाया म्हनतेत, महागातल्या बांगड्या पयले दाखव. तुमी त्याच्यावर रुपया लिवा."

"येडी झाली काय? चार आन्याले घेत नाईत, ते रुपयाले घेतीन?"

"लिवून तं पाहा. शाईच जाईन."

नत्थुजीनं लिहिलं. चार आण्यांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी '१ रुपया'. रेघ मारलेले चार आणे तसेच दिसत होते, ते त्याला लाजिरवाणं वाटलं. पण त्या साली प्रत्येक जिनसेचा भाव कुणीतरी खोडून वर लिहीतच होतं. खोडलेलं बघितलं की लोकांचा विश्वास बसे. पुस्तकं त्यानं शेषरावाच्या दुकानात ठेवली. शेषराव कागद, दौती आणि पंचांगं विकायचा. आठ दिवसांत नऊ पुस्तकं गेली!

"घेनारे कोन होते?" नत्थुजीनं अधीर होऊन विचारलं.

"चांगले मानसं हायेत. पागोटेवाले," शेषराव म्हणाला. "एक तं म्हने, आनखी आले तं मले पयले सांग."

देशमुख असतील, मोठे पाटील असतील, असं नत्थुजीनं धरलं. मोठ्यांनी वाचलं की धाकट्यांपर्यंत झिरपेल. तो त्या दिवशी घरी येताना एकटाच गालातल्या गालात हसत होता.

दुसऱ्या दिवशी, ज्याची तागडी नत्थुजी धरायचा त्या ओमप्रकाशशेटचं बोलावणं आलं. नत्थुजी पेढीवर गेला तर गादीवर, शेटच्या मांडीशी, पुस्तक पडलेलं. 

"शेषरावकडं हे तू ठेवलं?"

"हो, शेटजी. म्हनजे, एका ओळखीच्याचं हाये."

"किती उरले?"

"दोनशे चाळीस."

शेटनं पुस्तक उचललं, दोन पानं चाळली, खाली ठेवलं. मग खांद्यावरच्या उपरण्याचं टोक आपल्या उजव्या हातावर ओढून घेतलं आणि म्हणाला, "हात दे."

बाजारातला प्रत्येक सौदा असाच व्हायचा. उपरण्याखाली हातात हात, तोंडं बंद, आणि बोटं दाबून भाव. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन. कशातले एक नि कशातले दोन, हे ज्याचं त्यानं ओळखायचं. भोवतालच्यांना काही कळत नाही, हीच त्यातली मख्खी. नत्थुजीनं असे हजारो सौदे बघितले होते. पण मापाऱ्याचा हात आजवर कुणी मागितला नव्हता. त्यानं हात उपरण्याखाली घातला. शेटचा तळवा मऊ आणि ऊन होता. शेटनं त्याची दोन बोटं दाबली.

दोन. म्हणजे दोन आणे. नत्थुजीला सगळं लख्ख कळलं. याला समजलंय हे कुणी लिहिलंय ते. कवडीमोलानं उचलणार आणि जाळणार. नाही म्हणावं तर उद्यापासून तागडी गेली. त्याला गोदाबाई आठवली, आणि तरी त्यानं मुकाट्यानं शेटचा पंजा दाबला. सौदा झाला.

मुनीम रुपये मोजू लागला. दोनशे चाळीस पुस्तकांचे दोन दोन आणे, म्हणजे तीस रुपये. तीस झाले तसा नत्थुजीनं हात पुढे केला.

"हात काढा तिथून," मुनीम खेकसला आणि मोजतच राहिला. साठ, सत्तर, शंभर. राणीछाप रुपयांच्या चवडी गादीवर चढू लागल्या. दीडशेला नत्थुजीला वाटलं, मुनिमाचं डोकं फिरलं. दोनशेला वाटलं, आपलंच फिरलं.

"शेटजी," तो चाचरत म्हणाला, "काईतरी चुकलं जनू."

"काय चुकलं? दोन म्हटलं ना मी? दोनशे चाळीस दुने चारशे ऐंशी. आता मागं फिरायचं नाही," शेट म्हणाला. मग पुस्तकावर बोटानं टिचकी मारून हसला. "असली चीज रुपयानं विकून राहिला होता! येडा हायेस तू, नत्थू."

रुपयांचं गाठोडं काखेत घेऊन नत्थुजी घरी आला. वाटेत त्यानं स्वतःची समजूत घातली. शेट पुस्तकं जाळणार, यात शंका नाही. जाळू दे! ज्या साठ रुपयांत तीनशे पुस्तकं झाली, त्या हिशेबानं चारशे ऐंशीत चोवीसशे होतात. त्याच्याच पैशानं छापायची आणि गावोगाव न्यायची. सूड घेण्याची याहून मोठी तऱ्हा कोणती? त्यानं हे सगळं मनकर्णाला उत्साहानं सांगितलं.

तिनं रुपयांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"जाळाले कोनी दोन दोन रुपये देते का? चुलीत घालाले गवऱ्या काय कमी हायेत गावात?"

"तुले नाई समजत त्यातलं," नत्थुजी म्हणाला. समजत त्यालाही नव्हतं.

तो अकोल्याला पोचला तेव्हा वली दगड घासत होता. चोवीसशेचा आकडा ऐकून त्यानं दोन्ही कानांना हात लावले.

"या अल्ला! दगड झिजून जाईन माहा."

"झिजू दे. पैसे आगोदर घ्या," म्हणत नत्थुजीनं गाठोडं त्याच्यापुढे ठेवलं.

"बरं, किंमत काय लिवू या खेपेले? का पुन्हा जागा सोडू?"

 उत्तराची वाट न बघता वलीनंच बोटांवर मोजत सांगितलं, "फुकट लिवलं, तं पुड्या करतीन. चार आने लिवले, तं हसतीन. रुपया लिवला, तं शेटलोक उचलून नेतीन. काय लिवू, बोला?"

"मले काईच समजून नाई राह्यलं, वलीभाई."

"मंग असं करा. बजारात एक चक्कर मारून या. दुपारपावतर मी मजकूर चढवतो दगडावर. आल्यावर सांगा."

अकोल्याचा बाजार त्या साली फुगून दुप्पट झाला होता. जिथं गेल्या हंगामात बाभळी होत्या तिथं बांबूच्या ताट्यांच्या वखारी उभ्या होत्या, आणि प्रत्येक वखारीपुढे बंड्यांची रांग. मापारी मात्र नवखे दिसत होते. तागडीची दोरी कशी धरावी तेही काहींना उमगत नव्हतं. नत्थुजी बघत बघत चालला आणि एका वखारीच्या मागच्या अंगाला थबकला. आतून कुणी मोठ्यानं वाचत होतं.

"'डाव सहावा. वजनाकडील दोर रात्रौ पाण्यात भिजवून ठेवितात. सकाळी तो वरून सुकलेला दिसतो, परंतु आतून ओला असल्याकारणाने जड भरतो.' समजलं का रे? दोर रातच्यालेच भिजवाचा."

 नत्थुजीनं ताटीच्या फटीतून बघितलं. कापसाच्या गठड्यांवर सहा-सात माणसं बसली होती. हातांवरून एक तेली वाटत होता, एक कोष्टी. सगळे भावाच्या लोभानं आपला धंदा सोडून मापारी व्हायला आलेले. मधे ओमप्रकाशशेटच्या इथल्या आढतीचा मुनीम. पुस्तक त्यानं लाल फडक्याच्या बासनात ठेवलं होतं आणि पान उलटताना तो बोट ओलं करत नव्हता, अलगद उलटत होता.

म्हणजे दोनशे चाळीस पुस्तकं अशी गेली. जळाली नाहीत. खामगाव, कारंजा, अकोट, जिथं जिथं शेटची आणि शेटच्या भाईबंदांची तागडी टांगलेली होती तिथं तिथं पोचली. नत्थुजीला मनकर्णाचं बोलणं आठवलं. आत जावं, पुस्तक हिसकावून घ्यावं, टराटरा फाडावं, असं त्याच्या मनात आलं. पाय मात्र हलेना, कारण आत आता तेली डोळे मिटून पहिले पाच डाव घडाघडा म्हणून दाखवत होता, आणि एकही शब्द चुकत नव्हता. बाकीचे तोंड उघडं टाकून ऐकत होते. कुणाच्या हातात चिलीम नव्हती, कुणी थट्टा करत नव्हतं. आठ महिने दिव्याच्या उजेडात त्यानं जे लिहिलं, ते कुणीतरी असं ऐकावं, असं त्याला किती वाटलं होतं! नत्थुजीला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. त्यातलं कुठलं खरं, ते त्याचं त्यालाच कळेना.

मुनिमानं सातवा डाव वाचला. मग म्हणाला, "करून दाखवा."

कोष्टी कास्तकार झाला, तेली मापारी. तेल्यानं तागडीची दोरी धरली.

"सतरा, सतरा, सतरा... वावर किती एकर हाये म्हनता तुमचं?"

"बारा एकर," कोष्टी म्हणाला.

"सतरा, सतरा..."

"आबे, अठरा झाले!"

सगळे हसले. तेल्यानं पुन्हा केलं. या वेळी बैल किती म्हणून विचारलं. कोष्ट्यानं पुन्हा पकडलं. मुनीम वैतागून पुस्तकात बघू लागला. "घरचं इचाराचं, इतकंच लिवलं हाये याच्यात. घरचंच तं इचारून राह्यला हा."

नत्थुजी ताटीबाहेर उभा होता.  निघून जावं, असं तो स्वतःला सांगत होता. वली वाट बघत असेल. पण ही माणसं चुकत होती. त्याच्या पुस्तकात लिहिलेलं आणि होत नाही, असं त्यांना वाटत होतं.

"तसं नाई," तो म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. नत्थुजी ताटी बाजूला सारून आत आला होता.

"ज्याचं उत्तर आकड्यात येते, असं कधी इचाराचं नाई. एकर किती, बैल किती, असं इचारलं की मानसाच्या डोस्क्यात मोजनी चालूच राह्यते. असं इचाराचं, का सांगता सांगता त्यानं तागडीवरची नजर काढून तुमच्याकडं पाह्यलं पाह्यजे. पोरगी नांदते का बराबर. माय कशी हाये. अन् इचारून झालं का लगेच भार नाई चढवाचा. त्याले बोलू द्याचं."

तेली जरा बुजला. मग त्यानं दोरी धरली. "सतरा, सतरा, सतरा... काकाजी, माय कशी हाये?"

"माय?" कोष्ट्यानं मान वर केली. "माय तं... मांगच्या चैतात गेली ना माही. लय हाल झाले तिचे." आणि तो पुढे सांगू लागला, कशी अंथरुणाला खिळली, शेवटी पाणीही गिळवेना. अठरावा भार चढला आणि उतरला. तेली सतरा, सतरा म्हणत होता. कोष्ट्याच्या ते गावीही नव्हतं.

"गेला! गेला मन!" मुनिमानं टाळी वाजवली.

कोष्टी भानावर आला. त्यानं डोळे पुसले आणि सगळ्यांबरोबर तोही हसला. मुनीम नत्थुजीकडे वळला.

"तुमाले हे कसं ठाऊक? पुस्तकात तं नाई."

तळावर, शेषरावाकडे, शेटपुढे, इतकंच काय, सख्ख्या बहिणीपुढेही जे त्यानं कबूल केलं नव्हतं, ते नत्थुजीच्या तोंडून सहज निघून गेलं.

"मीच लिवलं."

 मग तेल्यानं तागडीची दोरी सोडली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. कोष्ट्यानं आपल्या शेल्यानं एक गठडी झटकली आणि सरकून जागा केली. बाहेर कुणी कास्तकार ओरडत होता, "मापाले लावा ना बाप्पा आता! उन्ह चढून राह्यलं." मुनिमानं त्याला थांब म्हणून हात केला आणि बोरू दौतीत बुडवला.

"बाराच हायेत का हो?" त्यानं अदबीनं विचारलं. "का आनखी असतीन?"

"हायेत," नत्थुजी म्हणाला आणि गठडीवर बसला.